मासळीचे वाटेकरी : प्रस्तावना

पाणमांजराबद्दल काहीही सांगायचं झालं तर सुरुवात त्याच्या भुकेपासून करावी लागते. लोक भाळतात ते त्याच्या खेळकरपणावर. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ते पाठीवर लोळतं, गारगोटी पंजांत खेळवतं, पिल्लाला मानेला धरून ओढत नेतं. हे सगळं खरं आहे. पण या प्राण्याची दिवसरात्र ज्या गोष्टीभोवती फिरते ती म्हणजे मासळी. ती कुठे आहे, किती आहे, आणि आपल्याआधी कोणाच्या जाळ्यात गेली आहे, एवढंच त्याला माहीत असावं लागतं. या पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण हिंडून फिरून तिथेच येतं. ते तसं येऊ नये म्हणून मी काही खटपट केलेली नाही.

भुकेचं मूळ अंगातच आहे. देवमासे, डॉल्फिन, सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो आणि तो त्यांना गार पाण्यात ऊब देतो. पाणमांजराला तो नाही. त्याच्याकडे आहे ती दुहेरी केसाळ कातडी: वर राठ, पाणी झटकून टाकणारे केस आणि खाली दाट, बारीक लव. या लवेत हवा अडकते, आणि प्राण्याला ऊब मिळते ती या हवेची. उत्तर प्रशांत महासागरातल्या समुद्री पाणमांजराच्या अंगावर दर चौरस सेंटिमीटरला लाखाहून अधिक केस असतात. इतकी दाट लव दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्याला नाही. आपल्याकडच्या जातींची लव तेवढी दाट नाही, पण काम तेच करते. म्हणून पाण्याबाहेर आलेलं पाणमांजर आधी वाळूत, गवतात, दगडावर अंग घासतं. पाहणाऱ्याला ती मजा वाटते. त्यात मजा नसेलच असं नाही, पण लव सुकली नाही, तिच्यात पुन्हा हवा भरली नाही, तर पुढची बुडी महाग पडते. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा समुद्री पाणमांजरं मोठ्या संख्येनं मेली. तेलानं केस चिकटले आणि ऊब गेली, हे त्याचं एक मोठं कारण होतं.

हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता कितीतरी वेगानं ओढून घेतं. केसांनी ती सगळी अडत नाही. उरलेली तूट अन्नानं भरावी लागते. समुद्री पाणमांजर रोज आपल्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत खातं. नदी-खाडीतल्या जातींचं प्रमाण साधारण दहा ते पंधरा टक्के. आपल्या खाड्यांत दिसणारं सात ते अकरा किलोचं पाणमांजर दिवसाला किलोभर मासळी फस्त करतं असं धरून चाललं, तर सहा-सात जणांच्या कुटुंबाचा रोजचा हिशेब कोणालाही करता येईल. खाडीकाठचा मच्छीमार तो मनातल्या मनात करत असतोच.

भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत आणि त्यांच्यातला फरक सांगायची सोपी वाट पुन्हा खाण्यावरूनच जाते. तिघींत सर्वांत मोठी, मऊ आखूड केसांची आणि टोकाकडे चपट्या शेपटीची जात महाराष्ट्र-गोव्यात सर्वांत जास्त आढळते. कोकणात तिला कोणी हूद म्हणतं, कोणी ऊद. ही अस्सल मासेखाऊ. मोठ्या नद्या, जलाशय, खाड्या, कांदळवन, भातखाचरं, पाटबंधारे, जिथे मासा तिथे ती. दुसरी जात युरेशियन, आयर्लंडपासून जपानच्या अलीकडेपर्यंत पसरलेली. आपल्याकडे ती हिमालयातल्या आणि दक्षिणेकडच्या डोंगरी ओढ्यांत आहे, आणि २०१६ च्या सुमारास सातपुड्याच्या आणि कान्हा-पेंचदरम्यानच्या जंगलात वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत ती सापडली तेव्हा मध्य भारतातल्या तिच्या अस्तित्वाला छायाचित्राचा पुरावा मिळाला. ही बहुधा एकटी फिरते, रात्री फिरते, आणि माशाच्या जोडीला बेडकांवरही बरीच भिस्त ठेवते. तिसरी जगातली सर्वांत लहान जात: वजन पाच किलोच्या आत, नखं बोटांच्या गादीपलीकडे न जाणारी. हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि दक्षिणेत कोडगू-निलगिरीकडचे ओढे हा तिचा मुलूख. ती मासे पकडते, पण जगते ती खेकड्यांवर. आखूड नखांमुळे तिचे पंजे बोटांचंच काम करतात. दगडाखाली, चिखलात हात घालून ती चाचपते, खेकडा ओढून काढते आणि रुंद दाढांखाली त्याचं कवच फोडते. पाणी गढूळ असलं तरी तिचं अडत नाही, कारण ती डोळ्यांनी शोधतच नाही.

चाचपण्याचं हे कसब कमीअधिक प्रमाणात तिघींकडे आहे. मिशांचे राठ केस मुळाशी मज्जातंतूंनी गच्च वेढलेले असतात आणि पळणाऱ्या माशाच्या शेपटीनं पाण्यात उठलेली थरथर त्यांना कळते. पावसाळ्यात आपल्या नद्या चहाच्या रंगाच्या होतात. तेव्हा नजरेवर जगणारं जनावर उपाशी मेलं असतं.

मोठ्या जातीची शिकार पाहायला मिळाली तर ती समजून घ्यायला थोडा धीर लागतो. पहिल्यांदा नुसती धांदल दिसते: डोकी वर, डोकी खाली, शेपट्यांचे फटकारे, शिट्ट्यांसारखे आवाज. नीट पाहत राहिलं की त्या धांदलीला आकार येतो. कुटुंब अर्धवर्तुळ करतं आणि माशांचा थवा उथळ पाण्याकडे रेटत नेतं, रापण ओढणाऱ्यांनी दोन्ही टोकं किनाऱ्याला आणावीत तसं. कडेला आलेले मासे गोंधळतात आणि मग ज्याला जो मिळेल तो त्याचा. लहान मासा पाण्यातच, मान वर करून, कचाकचा चावून संपतो. मोठा असेल तर काठावर आणून पुढच्या पंजांत धरून खाल्ला जातो, बहुधा डोक्याकडून. पिल्लं भोवती कलकलाट करतात आणि त्यांना वाटा मिळतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण पाण्यातला प्राणी म्हटल्यावर ती कोणाला सुचत नाही: पाणमांजराच्या पिल्लाला पोहता येत नसतं. डोळे मिटलेलं जन्माला येतं, पहिले काही आठवडे बिळात काढतं, आणि मग आई त्याला, बऱ्याचदा त्याच्या मर्जीविरुद्ध, पाण्यात ओढते. मासा पकडणं तर त्याहून पुढची शाळा. ती अनेक महिने चालते आणि तेवढा काळ मोठ्यांनी पकडलेल्या मासळीवरच कुटुंब चालतं. मुबलक मासळी नसलेल्या पाण्यात पिल्लं का वाढत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.

पाणमांजर दिसणं ही दुर्मीळ गोष्ट, पण ते काय खातं हे शोधायला ते दिसायची गरज नसते. काठावरचे मोठे दगड, नदीतली वाळूची बेटं, बांधाची वळणं अशा ठरावीक जागी ही कुटुंबं वारंवार येऊन शेण टाकतात, त्यात लोळतात, अंग घासतात. आपण इथे आहोत, आपल्यात किती जण आहेत, कोणती मादी माजावर आहे, हे सगळं त्या वासात असतं. माणसाला कळतो फक्त माशाचा उग्र दर्प. वाळलेलं शेण मोडलं की आत खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे लालसर तुकडे, क्वचित पिसं दिसतात. खवल्यांवरून माशाची जात ओळखता येते, मणक्यांवरून त्याचा आकार अजमावता येतो. भारतातला या विषयावरचा बराचसा अभ्यास असा शेण चाळून झाला आहे. हे काम कमी दर्जाचं मानणाऱ्यांनी एकदा उन्हात बसून चाळणीतून मासळीचे काटे वेगळे करून पाहावेत.

या चाळणीतून केरळच्या पेरियार तलावावर फार मोलाची माहिती हाती आली. तिथल्या अभ्यासात पाणमांजरांच्या आहारात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा माशांचा निघाला, आणि त्यातही बाहेरून आणून सोडलेल्या तिलापिया आणि कार्प माशांचं प्रमाण मोठं होतं. म्हणजे लोकांनी ज्या माशांनी तलाव भरला, तेच पाणमांजरांनी खाल्ले. तिलापिया आपल्याकडच्याही जवळजवळ प्रत्येक धरणात आणि तळ्यात घुसला आहे. त्याच्यामुळे देशी मासे मागे हटले अशी तक्रार सगळीकडे आहे. पाणमांजर तिलापिया खातं ही त्यामुळे वाईट बातमी नाही. पण यावरून ते नदीची साफसफाई करतं, तिलापियाचा बंदोबस्त करतं, असं काही म्हणू नये. ते सापडेल ते, आणि त्यातही सहज सापडेल ते खातं. संथ, तळाशी रेंगाळणारा, थव्यानं हिंडणारा मासा आधी जातो. त्यात माणसाच्या सोयीचा विचार नसतो.

हा इशारा मी मुद्दाम देतो आहे, कारण पाणमांजराचं कौतुक करताना अलास्काची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अ‍ॅल्यूशन बेटांजवळ समुद्री पाणमांजरं जिथे उरली होती तिथे समुद्रतळावर केल्प या शेवाळाची घनदाट रानं होती. जिथे ती केसांच्या व्यापारात संपली होती तिथे समुद्री अर्चिननं केल्प कुरतडून तळ बोडका केला होता. जेम्स एस्टीस आणि जॉन पाल्मिसानो यांनी १९७४ साली हे मांडलं आणि परिसंस्थेच्या पाठ्यपुस्तकांत त्याला कायमची जागा मिळाली. ते संशोधन भक्कम आहे. पण ते तिथलं आहे, आणि अर्चिन खाणाऱ्या समुद्री जातीचं आहे. तोच दाखला उचलून मालवणच्या खाडीवर ठेवणं बरं नव्हे. आपल्याकडेही असा मोह होतो. खेकडे खाजनाच्या मातीच्या बांधाला भोकं पाडतात, पाणमांजर खेकडे खातं, तेव्हा ते बांधाचं राखणदार! ऐकायला छान आहे. पण आपल्याकडची मोठी जात प्रामुख्यानं मासे खाते, आणि बांध टिकतो तो दरवर्षी चिखल थापणाऱ्या माणसांच्या कष्टानं. प्राणी उपयोगी ठरला तरच त्याला जगू द्यायचं, असल्या वकिलीवर माझा फारसा विश्वास नाही. उपयोग सिद्ध झाला नाही तर काय करणार?

खाजनांचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबू. गोव्यात मांडवी-झुवारीच्या काठांनी भरतीच्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली ही जमीन शेकडो वर्षं जुनी आहे. बांधाला ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या रेट्यानं दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात आत कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात, बाकीच्या दिवसांत मासळी आणि कोळंबी. मानशीला ओहोटीच्या वेळी, विशेषतः रात्री, पिशवीसारखं जाळं लावलं की आतली मासळी त्यात उतरते. या मासेमारीचा हक्क लिलावानं दिला जातो. रायगडातल्या खारभूमीत याच्याशी मिळतीजुळती उघाडी असते. आता पाणमांजराच्या बाजूनं ही जागा पाहा. उथळ, अडवलेलं पाणी. मासळी भरपूर आणि पळायला जागा थोडी. बांधावर लोळायला माती, कडेला कांदळवनात लपायला मुळ्यांचं जाळं, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानं दाराशी येणारं जेवण. माणसानं स्वतःसाठी बांधलेल्या या व्यवस्थेइतकी पाणमांजराच्या सोयीची जागा शोधून सापडणार नाही. मांडवीतल्या चोडण बेटावर आणि आसपासच्या खाजनांत त्यांचा चांगला वावर आहे आणि तिथे त्यांच्यावर नेटानं अभ्यासही झाला आहे.

आता मच्छीमाराच्या बाजूनं. रात्री लावलेलं जाळं पहाटे काढावं आणि त्याला तीन ठिकाणी भगदाडं असावीत, उरलेल्या बोयांची नुसती डोकी अडकलेली असावीत. जाळ्याची किंमत आहे, ते सांधायला दिवस मोडतो, आणि लिलावाचे पैसे आधीच भरलेले असतात. पाणमांजरानं खाल्लेल्या मासळीपेक्षा त्यानं फाडलेलं जाळं जास्त लागतं, हे अनेकांकडून ऐकलं आहे आणि ते पटण्यासारखं आहे. निसर्गप्रेमी मंडळींच्या लिखाणात या माणसाची तक्रार एखाद्या ओळीत उरकली जाते, नाहीतर ती अज्ञानातून येते असं सुचवलं जातं. ती अज्ञानातून येत नाही. खाडीतलं पाणमांजर त्याच्याइतकं कोणी पाहिलेलं नसतं. कोणत्या अमावास्येला कोणत्या उघाडीशी ते येतं, पिल्लं कधी असतात, कोणता मासा टाकून देतं, हे त्याला ठाऊक असतं. या पुस्तकातली बरीच माहिती अशा लोकांकडून आली आहे. काहींनी आपली नावं छापू नका असं सांगितलं, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

वाघानं गुरं मारली तर महाराष्ट्रात भरपाईची पद्धत आहे. ती पुरेशी आहे का, वेळेवर मिळते का, हा वेगळा वाद. समुद्रातही एक पायंडा पडला आहे: डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेला बहिरी मासा, कासव किंवा डॉल्फिन यांच्यासारखा संरक्षित सागरी प्राणी जाळं कापून सोडून दिला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. त्यानंतर किनाऱ्यावर किती प्राणी सोडवले गेले याच्या बातम्या आपण वाचतोच. मग खाडीच्या आत, मानशीच्या तोंडाशी, हाच विचार का पोचू नये? जाळ्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा की एकट्या मच्छीमारानं, हा पाणमांजराच्या संरक्षणातला पहिला प्रश्न आहे असं माझं मत आहे. बाकी प्रश्न त्याच्यानंतर.

बांगलादेशात, नडाइल आणि खुलना जिल्ह्यांतल्या नद्यांवर, या भांडणाला काही मच्छीमारांनी फार पूर्वीच वेगळं वळण दिलं. ते पाणमांजरं पाळतात. होडीच्या कडेला पाण्यात जाळं सोडायचं, बांबूला दोरीनं बांधलेली मोठी पाणमांजरं पाण्यात उतरवायची, आणि त्यांनी काठच्या वनस्पतींतून, मुळ्यांतून हुसकलेली मासळी जाळ्यात घ्यायची. पिल्लांना बांधत नाहीत. ती आईला सोडून जात नाहीत आणि पाहता पाहता कामही शिकतात. पाणमांजरं स्वतः मासे पकडून जाळ्यात टाकत नाहीत, ती फक्त घाबरवतात. मजुरी म्हणून त्यांना मिळकतीतला वाटा मिळतो. या पद्धतीत रोमांच वाटण्यासारखं बरंच आहे, पण दोरी दोरीच असते, आणि नदीतली मासळी आटत चालल्यावर माणसाला पोट भरणं अवघड झालं तेव्हा पाणमांजराचं पोट भरणं त्याहून अवघड झालं. ही कला आज मोजक्या कुटुंबांत उरली आहे. तिच्यावरचं प्रकरण पुस्तकात शेवटून दुसरं आहे; उतावळ्या वाचकानं ते आधी वाचलं तरी हरकत नाही.

ज्या केसांमुळे ऊब टिकते त्या केसांनीच या प्राण्याचा मोठा घातही केला. तिबेटी पारंपरिक पोशाखाच्या काठाला पाणमांजराची कातडी लावायची पद्धत होती. नव्वदच्या दशकात हातात पैसा आला तशी मागणी वाढली आणि ती भागवायला भारत आणि नेपाळमधून माल जाऊ लागला. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटमधल्या सांगसांगजवळ एका ट्रकमध्ये ३१ वाघांची आणि ५८१ बिबट्यांची कातडी सापडली. जगभर त्याचा गवगवा झाला आणि तो रास्तच होता. त्याच ट्रकमध्ये पाणमांजरांची ७७८ कातडी होती. त्यांचा उल्लेख बातम्यांत आला तर शेवटच्या ओळीत. कुठल्या नद्या त्या ट्रकमध्ये रित्या झाल्या होत्या हे कोणी विचारलं नाही, कारण त्या नद्यांवर पाणमांजरं मोजायला कोणी बसलेलंच नव्हतं. पुढे जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या अमरावतीला भरलेल्या कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी आपल्या लोकांना वन्य प्राण्यांची कातडी वापरू नका असं कळकळीनं सांगितलं, आणि काही आठवड्यांतच तिबेटमध्ये लोकांनी कातडी लावलेले झगे जाहीरपणे जाळले. एवढ्या थोड्या दिवसांत मागणी कोसळल्याची उदाहरणं वन्यजीवांच्या व्यापारात फार नाहीत.

हल्लीची मागणी वेगळी आहे. ती कातड्याला नाही, जिवंत पिल्लाला आहे. जपानमध्ये पाणमांजरांचे कॅफे निघाले, थायलंड-इंडोनेशियातून लहान जातीची पिल्लं बॅगांमधून चोरटी जाऊ लागली. ज्या जपाननं स्वतःचं पाणमांजर गमावलं (१९७९ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही, आणि २०१२ मध्ये ते नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं) तिथेच ही हौस फोफावली, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. हौस तशी जुनीच. गॅव्हिन मॅक्सवेल या स्कॉटिश लेखकानं १९५६ साली इराकच्या दलदलीतून मिजबिल नावाचं पाणमांजर घरी नेलं. ते आपल्याच मोठ्या जातीचं होतं, फक्त गडद रंगाचं. शास्त्रज्ञांनी त्या उपजातीला मॅक्सवेलचं नाव दिलं. त्याच्या १९६० सालच्या पुस्तकाने पाश्चात्त्य जगाला पाणमांजराच्या प्रेमात पाडलं. मिजबिल मात्र स्कॉटलंडमध्ये वर्षभरातच एका माणसाच्या हातून मारलं गेलं होतं. घरात पाळायला मागणाऱ्यांनी त्या पुस्तकाचा तेवढा भाग तरी वाचायला हवा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हात झालेल्या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत आपल्या मोठ्या आणि लहान, दोन्ही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्यात आला.

देशातला कायदाही आता कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान जात पहिल्या परिशिष्टात होती आणि बाकीच्या दोन दुसऱ्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, तिन्ही पहिल्या परिशिष्टात आल्या. वाघाला जे संरक्षण तेच पाणमांजराला. कागदावर यापुढे वर चढायला पायरी उरलेली नाही.

अडचण अशी की पाणमांजर त्या कागदाच्या नकाशात राहत नाही. वाघाला जंगल राखून देता येतं. चंबळच्या पाहणीत एका प्रौढ नराचा वावर नदीच्या सतरा किलोमीटर लांबीवर आढळला होता. कोकणातल्या बऱ्याच नद्या सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत मिळून शंभर किलोमीटरही भरत नाहीत. तेवढ्यात धरण, गाव, वाळूचा घाट, पूल, औद्योगिक वसाहत, खारभूमी, बंदर, सगळं येतं. एकच कुटुंब सकाळी राखीव जंगलात, दुपारी कोणाच्या तरी बागायतीच्या काठी आणि रात्री लिलावात गेलेल्या मानशीशी असू शकतं. कर्नाटकानं २०१५ मध्ये तुंगभद्रेच्या धरणाखालचा ३४ किलोमीटरचा पट्टा पाणमांजरांसाठी संरक्षित म्हणून जाहीर केला. अशा प्रकारचा तो देशातला पहिलाच. त्या नदीत सुरुंगाच्या दारूनं मासे मारण्याचा उपद्रव होता, आणि त्या स्फोटात मासळी, तिची पिल्लं, पाणमांजरं असा भेद राहत नाही. पट्टा जाहीर झाला हे उत्तम झालं. पण नदीचे असे तुकडे किती राखणार? वाळूचा उपसा थांबला नाही तर बीळ करायला काठ उरत नाही. कारखान्यांची मळी सुटली की कृष्णेत एका रात्रीत माशांचा खच पडतो. त्यानंतर तिथल्या पाणमांजरांनी जायचं कुठे? याचं उत्तर कोणत्याही परिशिष्टात नाही.

पाण्यावर सगळं कसं अवलंबून आहे हे इंग्लंडमध्ये लख्ख दिसलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथली पाणमांजरं झपाट्यानं कमी होऊ लागली. बियाण्याला आणि मेंढ्यांच्या अंगाला लावल्या जाणाऱ्या डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांचा अंश ओढ्यात, तिथून ईल माशांत, आणि तिथून पाणमांजरांत साठत गेला. १९७७ ते ७९ च्या पाहणीत तपासलेल्या जागांपैकी जेमतेम ५.८ टक्के जागी त्यांच्या खुणा मिळाल्या. रसायनं बंद झाली, नद्या सुधारल्या, शिकारीवर बंदी आली. २००९-१० च्या पाहणीत हा आकडा ५८.८ टक्क्यांवर गेला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पाणमांजर असल्याचं जाहीर झालं. काही ठिकाणी ती मुद्दाम सोडली गेली, पण बहुतेक आपल्या पायांनी परतली. याला तीस वर्षं लागली.

सिंगापूरची गोष्ट आपल्याला जास्त जवळची, कारण तिथे परतली ती आपलीच मोठी जात, आणि तीही दाट वस्तीच्या शहरात. १९९८ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या कांदळवनात एक जोडी दिसली. आता उद्यानांत, कालव्यांत, उंच इमारतींच्या मधून कुटुंबं हिंडतात. लोक त्यांना नावं देतात, त्यांच्यासाठी वाहतूक थांबवतात. आणि तिथेही तक्रार आहेच: खाजगी तळ्यांतले महागडे कोई मासे एका रात्रीत साफ होतात. आपल्याकडचा मच्छीमार आणि तिथला बंगलेवाला यांच्या नुकसानीची तुलना होऊ शकत नाही, पण पाणमांजराला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते: अडवलेलं पाणी आणि त्यातला संथ मासा.

पुस्तकाबद्दल दोन शब्द सांगून थांबतो. पहिली चार प्रकरणं प्राण्याची आहेत, पुढची सहा पाण्याची आणि माणसांची. वाळलेलं शेण, पायांचे ठसे आणि मासळीचे खवले कसे वाचावेत याची चित्रं मधल्या पानांत आहेत. ती घेऊन नदीकाठी जरूर जावं. कुत्रं बरोबर नेऊ नये, आणि पिल्लं दिसली तर तिथून निघून यावं, कारण बिळाजवळ माणूस रेंगाळला तर आई पिल्लं हलवते आणि त्यात काही दगावतात. बिळांच्या जागा पुस्तकात कुठेही दिलेल्या नाहीत. नकाशांत नदीचं नाव आहे, गावाचं नाही, आणि एकदोन ठिकाणी नदीचं नावही गाळलं आहे. छायाचित्रकारांच्या गाड्या आणि पिल्लांचे गिऱ्हाईक अशा दोघांनाही हा पत्ता हवा असतो, आणि छापील पानावर त्यांच्यातला फरक ओळखायची सोय नाही.